परत फिरण्याचा सराव

दहा मे. पहाटे साडेपाचला मी शाळेच्या मैदानावर फक्की मारत होते. उन्हाळी शिबिरातल्या लहान मुलींसाठी खो-खोचं मैदान आखायचं होतं, आणि नागपुरात मे महिन्यात हे काम ऊन चढायच्या आत झालं तर झालं, नाही तर राहिलं. दोन खांबांमध्ये दोरी ताणायची, तळाला खिळ्याने भोकं पाडलेला पत्र्याचा डबा पांढऱ्या भुकटीने भरायचा आणि तो हलवत दोरीवरून मागे मागे सरकायचं. नोकरीला लागल्यापासून मी हे करते आहे. शिपायाला सांगितलं तर तो करतो, पण रेषा वाकड्या येतात आणि मग दिवसभर मला त्याच दिसत राहतात.

त्या दिवशी रेषा सरळ येत होती, लक्ष मात्र दुसरीकडे होतं. रविवारी लॅक्रॉसची निवड चाचणी होती आणि चाचणीत काय काय करून घेणार, हे आदल्या संध्याकाळी फोनवर कळलं होतं. त्यातला एक प्रकार आम्ही कधीच केलेला नव्हता.

लॅक्रॉस म्हणजे काय, हे मला दर वेळी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. लांब काठी, तिच्या टोकाला जाळीचा खोलगट पेला, आणि एक टणक रबरी चेंडू. चेंडू जाळीत झेलायचा, जाळीनेच फेकायचा, जमिनीवर पडला तर जाळीनेच उचलायचा, आणि काठी झुलवत, चेंडू पडू न देता पळायचं. हात लावायचा नाही. काही वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका म्हणाल्या, नवा खेळ आहे, संघ कमी आहेत, आपल्या मुलींना वर जायला वाव आहे. मी एक छोटा प्रशिक्षणवर्ग केला, बाकीचं फोनवर व्हिडिओ बघून शिकले, आणि माझ्या खो-खोच्या मुलींच्या हातात काठ्या दिल्या. पहिल्या दिवशी मैदानाभोवती फिरायला येणाऱ्या एका काकांनी विचारलं, "मॅडम, तलावावर मासोळ्या पकडाले नेता का पोट्ट्यायले?" मुली हसल्या. नंतर त्या काकांनाच एक चेंडू पोटरीवर बसला, तेव्हापासून ते पलीकडच्या बाजूने फिरतात.

खो-खोच्या मुली या खेळात लवकर रुळल्या. खाली वाकणं त्यांना शिकवावं लागत नाही. जमिनीवरचा चेंडू उचलताना पाठ मोडावी लागते, मागचा हात जवळजवळ मातीला टेकवावा लागतो. इतर शाळांच्या मुली उभ्या उभ्या काठी खुपसतात आणि चेंडू पुढे ढकलत नेतात. आमच्या मुली वर्षानुवर्षं उकिडव्या बसून उठलेल्या. त्या पळता पळता चेंडू उचलतात आणि वेग कमी होत नाही.

त्यातली सगळ्यांत चपळ मुलगी उमरेडची. वडील तिकडच्या कोळसा खाणीत डंपर चालवतात. पाचवीत असताना ती शिकायला नागपूरला मामाकडे आली आणि त्याच वर्षी माझ्याकडे खो-खोला. आता बारावीची परीक्षा देऊन झाली होती. मामाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, त्यामुळे तिथली खाट आता तिला लागणार होती. एकोणीस वर्षांखालच्या राज्य संघात नाव आलं तर शहरातल्या एका कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश आणि होस्टेलची खोली मिळायची शक्यता होती. मी स्वतः तिथल्या क्रीडाशिक्षकांशी बोलून आले होते. नाव आलं नाही तर ती उमरेडला परत जाणार. तिथेही कॉलेज आहे, आई-वडील आहेत, घर आहे. ती काही शिक्षा नाही. पण तिथे लॅक्रॉस नाही, आणि तिला खेळायचं होतं.

सहा वाजता मुली आल्या. नेहमीचा सराव घेतला. आधी काठी झुलवत मैदानाला फेऱ्या, मग पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चेंडू मारून झेलणं, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. डाव्या हाताला सगळ्याच कुरकुरतात. मग मी तो नवा प्रकार घेतला. मी उभी, माझ्या दोन्ही बाजूंना एकेक मुलगी. मी चेंडू पुढे घरंगळत सोडायचा. दोघींनी धावायचं. जिला चेंडू मिळेल तिने तो परत माझ्याकडे आणायचा, दुसरीने अडवायचं. एवढंच.

उमरेडची दर वेळी आधी पोचली. चेंडू उचलला आणि सरळ पुढे पळत सुटली. पार भिंतीपर्यंत.

"अगं, माझ्याकडे आण!"

"हाव मॅडम."

पुन्हा सोडला. पुन्हा तिनेच उचलला, पुन्हा ती सरळ भिंतीकडे. दुसरी मुलगी कमरेवर हात ठेवून जागेवरच थांबली.

"काय वं, घरी चालली का?" मागून एकीने हाक मारली. "बस तिकडून नाही भेटत, स्टँडवरून भेटते!"

सगळ्या खिदळल्या. ती पण हसली. पुढच्या वेळी तिने दात-ओठ खाऊन चेंडू उचलला, आणि मला तिचा खांदा दिसला. उजवा खांदा किंचित पुढे झाला, पाय त्याच्यामागे गेले, आणि ती गेली. त्या क्षणी मला कळलं की हे काय आहे.

खो-खोत पाठलाग करणारीने एकदा खांद्याने दिशा घेतली की तिला त्याच दिशेने जावं लागतं. खांबापर्यंत. मध्येच मागे फिरली की फाउल, शिट्टी. खांब ओलांडला की मगच वळता येतं. पळणारी मुलगी हाताच्या अंतरावरून मागे निसटली तरी आपण वळायचं नाही, बसलेलीला खो द्यायचा. मी हे पाचवीतल्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते. ज्या नंतर आल्या, ज्या अर्धवट शिकल्या, त्यांचं चुकत राहतं आणि त्यांना लॅक्रॉसमध्ये काही अडत नाही. हिचं कधी चुकलं नव्हतं. मागे फिरल्याबद्दल हिच्यावर शिट्टी वाजल्याचं मला एकदाही आठवत नाही. शिकवण्यात माझी चूक नव्हती, तो खेळाचा नियमच आहे. पण या खेळात तो तिला बुडवणार होता.

मी तिला बाजूला घेतलं. "काहून नाही वळत तू?"

"मनात येते मॅडम, वळा म्हणून. पाय आयकत नाही." मग म्हणाली, "मले वाटते, शिट्टी वाजन."

"इथे कशाला वाजेल?"

"मालूम हाय मले. तरी वाटते."

इतके दिवस हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर साधं होतं. आमचे सामने आमच्यासारख्याच नवशिक्या संघांशी झाले होते. ती चेंडू उचलायची, पुढे पळायची, तिला कुणी गाठायचं नाही, आणि गोल व्हायचा. वळायची गरजच पडली नव्हती.

त्या संध्याकाळी मी तिला एकटीला बोलावलं. चाचणीच्या आदल्या एक-दोन दिवसांत खेळाडूच्या अंगातली सवय बदलायला जाऊ नये, हे मी इतर शिक्षकांना सांगत आले आहे. नवीन येत नाही आणि जुनंही जातं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी चेंडूंची पिशवी घेऊन निघाले, कारण काहीच न करता रविवारची वाट बघणं मला जमणार नव्हतं.

खो-खोचा खांब होताच. मी चेंडू खांबाच्या दिशेने सोडला. "खांबाला हात लाव आणि ये." ती गेली, चेंडू उचलला, खांबाला हात लावला आणि लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. माझ्याकडे आली, चेंडू माझ्या जाळीत टाकला. पुन्हा. पुन्हा. एकदाही चुकली नाही. मग मी चेंडू मोकळ्या मैदानात सोडला, आणि ती भिंतीकडे गेली.

मग मी प्लास्टिकचे शंकू ठेवून पाहिले. ती त्यांच्यावरून उडी मारून गेली. शंकूला खांब कोण मानणार? मग मी स्वतः जाऊन उभी राहिले. तिने माझ्या काठीला काठी लावली आणि वळली. मी जवळ आले, वळली. आणखी जवळ आले, वळली. मी बाजूला झाले, गेली सरळ.

"मॅडम, तुमी उभ्या रायल्या तं होते."

"मी रविवारी मध्ये उभी राहू शकत नाही."

"हाव ना." तिने चेंडू काठीवर झेलत झेलत म्हटलं, "अन् नाही जमलं तं मॅडम?"

"तर नाही जमलं. धर काठी."

शनिवारी सकाळी मी एक मूर्खपणा केला. म्हटलं, शिट्टीची भीती आहे ना, मग ती सरळ गेली की शिट्टी वाजवायची. पहिल्याच शिट्टीला ती जागच्या जागी थिजली, काठी खाली, मान खाली, फाउल झाल्यावर उभी राहते तशी. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तिने चेंडूच उचलला नाही. मी शिट्टी खिशात टाकली आणि सराव थांबवला. आणखी थोडा वेळ चालू ठेवलं असतं तर तिचं चेंडूवर पोचणंही गेलं असतं.

दुपारी घरी ताटावर बसले तर घास जाईना. नवरा म्हणाला, "चाचणी तुझी आहे की तिची?"

"माझी असती तर जेवले असते."

"मग तिच्या वाटचं तरी जेव. वरण गार होतंय."

मी जेवले. न जेवल्याने कुणी वळायला शिकत नाही.

रविवारी चाचणी धरमपेठेच्या पलीकडच्या एका मैदानावर होती. साडेपाचला पोचले तर तिचे वडील आधीच येऊन पायरीवर बसलेले. मध्यरात्री पाळी संपवून पहाटेच्या पहिल्या बसने आले होते, शर्टाच्या कॉलरमध्ये कोळशाची काळी रेघ तशीच. चाचणी झाली की मामाकडून तिचं सामान घेऊन दुपारच्या बसने दोघं परत जाणार होती. निवड झाली तर सामान पुन्हा आणता येईल, असा त्यांचा हिशेब. मला तो पटला.

"लागत नाही ना जी मॅडम, या खेळात?" त्यांनी विचारलं.

"लागतं कधी कधी. डोळ्यांना चष्मा असतो."

"खो-खोत गुडघेच फुटत होते. ते बरं होतं. गुडघा भरून येते."

निवड करायला आलेला प्रशिक्षक तरुण होता, बाहेरगावचा. त्याने दोरी बांधून घेतली होती. पालक आणि शिक्षक दोरीच्या बाहेर. तिथून मुलींना खेळाबद्दल एक शब्दही सांगायचा नाही, नाही तर मुलगी बाद. मला नियम आवडतात, पण त्या दिवशी तो नाही आवडला.

झेलणं, फेकणं, झुलवत पळणं यांत ती चांगली होती, पण तिच्यासारख्या आणखी आठ-दहा होत्या. मग प्रशिक्षकाने दोघीदोघींना बोलावलं आणि चेंडू घरंगळत सोडायला सुरुवात केली. तिची जोडी एका उंच मुलीबरोबर लावली.

पहिला चेंडू. तिनेच उचलला आणि गेली सरळ. पलीकडची दोरी आली तेव्हा थांबली.

प्रशिक्षक ओरडला, "अगं, इकडे! मी इकडे आहे!"

दुसरा चेंडू. तेच. दोरीपलीकडे बसलेले काही जण मोठ्याने हसले. उंच मुलगीही हसली, तोंडावर हात ठेवून.

वडील माझ्याकडे वळले. "पोट्टी तं पयलेच पोचून राहिली. मग काहून हासून राहिले हे लोकं?"

मी त्यांना दबक्या आवाजात सगळं सांगितलं. खांद्याचं, खांबाचं, शिट्टीचं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली. "म्हंजे आमच्या डंपरले रिव्हर्स हाय, हिले नाही."

मला हसू आलं नाही.

तिसरा चेंडू सोडला तेव्हा त्या उंच मुलीने डोकं चालवलं. ही सरळच जाते, हे तिला कळलं होतं. ती चेंडूच्या मागे धावलीच नाही. तिरकी पळत पुढे गेली आणि वाटेत उभी राहिली. आमच्या मुलीने चेंडू उचलला, खांदा टाकला, निघाली, आणि समोर ही. काठीवर काठी आपटल्याचा आवाज आला. आणि ती वळली. पाठ त्या मुलीकडे, काठी छातीशी, एका पायावर गर्रकन फिरून थेट प्रशिक्षकाकडे. उंच मुलगी हात पसरून उभीच.

"हां!" प्रशिक्षक म्हणाला. एवढंच.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडून शाबास म्हणता येत नव्हतं. नियम होता.

त्यानंतर मी फक्त एवढंच बघत होते, की समोर कुणी येतं की नाही. कुणी आडवं आलं की ती फिरायची, आणि इतकं सफाईने, की दोनदा समोरची मुलगी तोल जाऊन बसली. कुणी मागून पाठलाग केला की ती सरळ दोरीपर्यंत. दर चेंडूला मी मनातल्या मनात समोरच्या मुलीला म्हणत होते, जा, आडवी हो, अडव तिला. आपल्या मुलीला कुणी अडवावं म्हणून मी आयुष्यात कधी इतकी आतुर झाले नव्हते.

पाणी प्यायला सोडलं तेव्हा ती दोरीपाशी आली. वडिलांनी बाटली दिली. दोन घोट घेऊन ती बाटलीकडे बघतच हळू म्हणाली, "मॅडम, समोर कोणी आलं का तोच खांब."

मला कितीतरी सांगायचं होतं. "पाणी पी," मी म्हटलं. "सगळं एकदम नको पिऊस."

आठ वाजेपर्यंत ऊन कडक झालं होतं. प्रशिक्षकाने सगळ्यांना सावलीत बसवलं आणि नावं वाचली. ज्यांची नावं येत होती त्या उठून उभ्या राहत होत्या. तिचं नाव आलं नाही. वडील माझ्याकडे बघत होते आणि मी प्रशिक्षकाच्या तोंडाकडे. मग तो म्हणाला, "आणि राखीव दोघी." त्यातली दुसरी ती.

नंतर त्याने मला बोलावलं. "ताई, ही तुमची ना? अशी चेंडूवर पोचणारी मुलगी इथे दुसरी नाही. पण समोर मोकळं असलं की ती येतच नाही परत. असं का?"

"खो-खो."

त्याने क्षणभर विचार केला आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. दिशा घेतली की..."

"हो."

"मग असं करा. महिन्याच्या शेवटी राज्य संघाचं शिबिर आहे, तिथे आणा. अंतिम संघ तिथेच ठरेल. मोकळ्या मैदानात वळायला लागली तर मी तिला घेईन. नाही लागली तर नाही घेता येणार. खरं ते आत्ताच सांगतो."

मला तो माणूस बरा वाटला.

पायरीवर परत आले तर वडील उभे होते आणि ती बुटांच्या नाड्या सोडत होती. मी त्यांना प्रशिक्षकाचं म्हणणं सांगितलं.

"राखीव म्हंजे काय जी? घेतलं का नाही घेतलं?"

"अजून दोन्ही नाही."

"मग होस्टेलचं?"

"शिबिरात घेतलं तर होस्टेल. नाही तर नाही."

"तुमाले काय वाटते? घेतीन?"

मला खोटं बोलता आलं असतं. "आज आहे तशी राहिली तर नाही घेणार," मी म्हटलं. मुलीने नाडी सोडणं थांबवलं.

मी म्हटलं, शिबिरापर्यंत तिला माझ्याकडे राहू द्या. घरात जागा आहे, रोज सकाळ-संध्याकाळ सराव घेईन. वडिलांनी मान हलवली. नाही म्हणताना त्यांना बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. "तुमचं घर म्हंजे काही परकं नाही मॅडम. पण हिची माय परीक्षेपासून वाट पाहून राहिली. कालपासून दारात उभी हाय म्हणा ना. शिबिराले मीच आणून सोडतो. तुमी सांगान त्या दिवशी, सांगान त्या टायमाले."

मी तिला शाळेची एक काठी आणि दोन चेंडू दिले.

"कोणासंग खेळू मॅडम तिथं?"

"भिंतीवर मार. डाव्या हाताने."

"अन् वळाचं?"

"आधी डावा हात," मी म्हटलं. भिंत चेंडू परत देते, पण भिंत चेंडू सोडत नाही आणि हाकही मारत नाही. एकटी ती काय करणार? चेंडू फेकणार, त्याच्या मागे धावणार, उचलणार, आणि सरळ जाणार. शिबिरापर्यंत रोज. म्हणजे जे मोडायचं तेच आणखी पक्कं होणार. दुपारभर हेच डोक्यात होतं. कूलरसमोर बसून शाळेच्या शिबिरातल्या लहान मुलींचं सोमवारचं वेळापत्रक लावत होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. आता बसमध्ये बसली असेल. आता पोचली असेल. आता आई म्हणत असेल, किती वाळली माझी लेक. आणि काठी दाराच्या मागे उभी केली असेल.

चहाच्या वेळी मी अकरावीतल्या दोन मुलींना फोन करून सांगितलं, उद्या सकाळी लहान मुलींना तुम्ही घ्या. नवऱ्याला सांगितलं, मी उद्या उमरेडला जाते आहे.

"कशाला?"

"समोर कुणी नाही तेव्हा वळायला शिकवायला."

"आणि ते कसं शिकवतात?"

"मला माहीत नाही."

"मग डबा देऊ का सोबत?"

"दे."

सोमवारी सकाळी मी भिवापूरची पहिली बस धरली. उमरेड वाटेत लागतं. माझी काठी दोन सीटच्या मध्ये मावेना, तेव्हा कंडक्टरने ती वरच्या रॅकवर टाकली आणि विचारलं, "आंबे उतराले चालल्या का मॅडम?" मी म्हटलं, "हो." समजावून सांगायची ताकद नव्हती. खिडकीतून गरम वारा लागायला लागला होता, एवढ्या सकाळी. शेजारची बाई टोपलीवर हात ठेवून झोपली होती. गाडीने शहर सोडलं तेव्हा मला सुचलं की आपण तिला हे एकदाही चालत करायला लावलेलं नाही. खो-खोत पाठलाग करताना कुणी चालत नाही. तो नियम तिच्या पळण्यात बसलेला आहे. चालण्यात असेलच असं नाही. खात्री नव्हती. पण करून बघायला काही लागत नव्हतं.

घर शोधायला त्रास झाला नाही. वडील पाळीवर गेले होते. दारात आई होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काठीकडे, आणि आत बघून म्हणाली, "ये वं, तुया मॅडम आल्या!" मुलगी केस विंचरता विंचरता बाहेर आली, फणी केसांतच. तिने काही विचारलं नाही. फणी ठेवली आणि काठी घेऊन आली.

घरामागे मोकळी जागा होती, पलीकडे बाभळी. मी चेंडू सोडला. "चालत जा. पळायचं नाही. उचल आणि ये."

"चालत?"

"चालत."

ती चालत गेली, चेंडू उचलला, वळली आणि चालत आली. समोर कुणी नव्हतं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं, पण मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. पुन्हा चालत. पुन्हा. मग जरा भरभर. वळली. आणखी भरभर. वळली. मग तिचे पाय पळायला लागले, खांदा पुढे झाला, आणि ती बाभळींकडे सरळ गेली.

ती तिथे थांबून माझ्याकडे बघत राहिली. आई मागच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिने विचारलं, "तिकडं काहून गेली वं ही?"

कुठे मोडतं ते तरी कळलं होतं. भरभर चालण्याच्या आणि पळण्याच्या मध्ये. मी तिला परत बोलावलं आणि पुन्हा सावकाश चालण्यापासून सुरू केलं. मोडायच्या जरा अलीकडे थांबायचं, मागे यायचं, पुन्हा तिथपर्यंत जायचं. ऊन सोसवेनासं होईपर्यंत आम्ही तेवढंच केलं. ती जागा थोडी पुढे सरकली की मला तसं वाटलं, ते मी सांगू शकत नाही.

मग मी गार झालेला चहा प्यायले, स्टँडवर आले, आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी चौकशीच्या खिडकीवर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसची वेळ विचारून घेतली.